पाऱ्याचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुना, पाऱ्याचा रक्तदाबमापक आहे. या लांबलचक नावाने मला कुणी कधी ओळखले नाही. लोक मला ‘बीपीचं मशीन’ म्हणायचे, आणि आमच्या आरोग्य केंद्रातल्या सफाईवाल्या मावशी तर सरळ ‘प्रेशरचा डबा’ म्हणायच्या. कुणाला राग आला की तुम्ही म्हणता, ‘त्याचा पारा चढला.’ माझा पारा मात्र सगळे आयुष्य दुसऱ्यांसाठीच चढला आणि उतरला. माझ्या स्वतःच्या पोटात काय धुमसत होते, ते कुणी विचारले नाही. तो होता हेवा. मी जात्याच हेवेखोर आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझे बोलणे तुम्हाला तिरके वाटले तरी नवल वाटणार नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लांब टेबलावर काचेच्या नळ्या ओळीने मांडलेल्या असायच्या. जाड भिंगाचा चष्मा लावलेला एक कारागीर प्रत्येक नळी उजेडाकडे धरून तिच्यावरच्या रेषा तपासायचा. पारा भरायला एक बाई होत्या. तोंडाला फडके, हातात मोजे, आणि पारा ओतताना श्वास रोखलेला. एखादा थेंब टेबलावर निसटलाच, तर त्याचे बारीक बारीक मणी होऊन ते चहूकडे पळायचे. मग सगळे काम थांबायचे, आणि शेवटचा मणी सापडेपर्यंत कुणाला जागेवरून हलायची परवानगी नसायची. पाऱ्याला सगळेच वचकून असत. मला त्याचा भारी अभिमान वाटायचा.

पत्र्याच्या पेटीत मला बसवले, झाकणाच्या आतल्या बाजूला नळी ताठ उभी केली, कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा जोडला, आणि मी तयार झालो. माझ्याबरोबर, त्याच घटकेला, माझा जुळा भाऊही तयार झाला. त्याच्यात आणि माझ्यात काडीचाही फरक नव्हता. तरी त्याच्या खोक्यावर मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळाचे नाव पडले. लिफ्ट, लख्ख दिवे, गुळगुळीत फरशा! माझ्या खोक्यावर कुठल्याशा आडबाजूच्या आरोग्य केंद्राचे नाव. मित्रांनो, आयुष्यातला पहिला हेवा मला तिथे, खोक्यात बसल्या बसल्या वाटला.

ते केंद्र एका उतारावर होते. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात एक लांब बाक. खालच्या अंगाला सूतगिरणी आणि गिरणीतल्या कामगारांची घरे, वरच्या अंगाला खडीची खाण, आणि मधल्या चढउतारांवर विखुरलेल्या वस्त्या. एवढ्या सगळ्या टापूला हे एकच केंद्र. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस केंद्र चालायचे ते नर्सच्या जिवावर. त्या वेळी तिथे चार नर्स होत्या, चार खुर्च्या होत्या. त्या चौघींतल्या सगळ्यांत उंच, सगळ्यांत शिस्तीच्या नर्सने माझे झाकण उघडले आणि त्या म्हणाल्या, “अगं बघा तरी, काय सुरेख आहे हे!”

त्या माझ्या सिस्टर. पुढे साऱ्या टापूत त्यांना ‘मोठ्या सिस्टर’ म्हणू लागले. पण मी ‘माझ्या’च म्हणणार.

सुखाने राहावे, तर तिथेही माझ्या डोळ्यांत खुपणारे होतेच. तो स्टेथोस्कोप! दिवसभर सिस्टरांच्या गळ्यात पडलेला. वजनकाट्याच्या वाट्याला तर गुबगुबीत बाळे यायची, आणि काटा हलला की आया हसायच्या. माझ्याजवळ येणारी माणसे घाबरलेली, दमलेली, कपाळाला आठ्या घातलेली. पण एक गोष्ट होती. सिस्टर माझा पट्टा कुणाच्या दंडाला गुंडाळून फुगा दाबू लागल्या की खोलीत चिडीचूप व्हायचे. माझा पारा वर चढायचा, मग हवा हळूहळू सोडली की थरथरत उतरायचा, आणि सिस्टर कान देऊन ऐकताना माझ्याकडे, फक्त माझ्याकडे पाहायच्या. तेवढा वेळ स्टेथोस्कोपसुद्धा माझ्या हाताखालचा नोकर असायचा.

माझे कौतुकही झाले. एकदा बसचा ड्रायव्हर डोके दुखतेय म्हणून गोळी मागायला आला. बस बाहेर उभी, उतारू खोळंबलेले. “गोळी द्या पटकन, मी निघतो,” म्हणाला. सिस्टरांनी त्याला दटावून बसवले आणि पट्टा बांधला. माझा पारा जिथे अडला, ते पाहून त्यांचा चेहरा बदलला.

“बस चालवायची नाही आज,” त्या म्हणाल्या.

“असं कसं? माझ्याशिवाय निघेल कशी ती?”

“मग नाही निघणार.” आणि त्यांनी टेबलावरची बसची किल्ली उचलून आपल्या एप्रनच्या खिशात टाकली.

तो चिडला, उतारूंनी कालवा केला, पण सिस्टर हलल्या नाहीत. त्याला इस्पितळात पाठवले. तिथे सांगितले, आणखी थोडा वेळ गेला असता तर वळणावर काय झाले असते ते सांगता येत नाही. बरा होऊन तो पुन्हा कामावर आला तेव्हापासून केंद्रासमोरून जाताना एक छोटासा हॉर्न वाजवून जायचा. तो हॉर्न माझ्यासाठी असायचा, असे मी मानतो. स्टेथोस्कोपचे मत वेगळे होते.

अशी वर्षे गेली. मग त्या चार खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. एक नर्स शहरातल्या इस्पितळात गेली. दुसरी परदेशी गेली आणि तिथून बर्फातला आपला फोटो पाठवला. तिसरीने नोकरीच सोडली आणि भावाच्या कापडाच्या दुकानात बसू लागली. “तिथं निदान बसायला तरी मिळतं हो,” असे जाताना म्हणाली. त्यांच्या जागी कुणी येईल, येईल म्हणता म्हणता कुणी आले नाही. एका खुर्चीवर औषधांची खोकी आली, एक सलाईनच्या पेशंटजवळ गेली, एक मोडली. चौथीवर सिस्टर बसायच्या, म्हणजे बसायला वेळ मिळाला तर.

खरे तर सिस्टरांनाही एकदा मोठ्या इस्पितळातून बोलावणे आले होते. त्यांचे यजमान शिंपी होते. माणूस मोठा शांत. ते म्हणाले, “जा तू. मशीन काय, मी कुठंही मांडीन.” पण सिस्टर व्हरांड्यातल्या बाकाकडे बघत राहिल्या. “मी गेले तर इथं कुलूप लागेल,” म्हणाल्या, आणि विषय संपला. त्या दिवशी माझा आनंद पेटीत मावेना. माझा जुळा भाऊ होता ना तसल्याच इस्पितळात! म्हटले, बस आता तू तुझ्या लिफ्टमध्ये वरखाली करत.

मात्र एक गोष्ट मला डाचत राहिली. सिस्टरांचा हात मी रोज पाहायचो. फुगा दाबणारा, पट्टा नीट करणारा, म्हाताऱ्यांच्या खांद्यावर थोपटणारा. त्या हाताभोवती माझा पट्टा कधीच आला नाही. बाळंतपणे, लसी, मलमपट्ट्या, वस्त्यांवरच्या फेऱ्या, सगळे त्या एकट्या. डबा खायच्या तो उभ्या उभ्या, एक घास खाऊन पुढच्याला हाक मारत. साऱ्या टापूला ‘मीठ कमी खा, विश्रांती घ्या, रक्तदाब तपासत जा’ म्हणून सांगून त्यांचा घसा बसायचा. पण स्वतःची बाही त्यांनी कधी वर केली नाही. मला वाटायचे, एकदा तरी हा हात माझ्याकडे यावा. पहिल्यांदा माझ्याकडेच यावा.

आणि मग माझा वैरी आला. बोलक्या!

झाले असे, की टापूत ऐन उमेदीतली माणसे अर्धांगवायूने आडवी होऊ लागली होती. गिरणीत एक, खाणीत दोघे. तेव्हा वरून मोहीम निघाली. टापूतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा रक्तदाब तपासायचा, कुणाला सोडायचे नाही. या मोहिमेसाठी एक नवी नर्स आमच्याकडे पाठवली. नुकतीच शिकून बाहेर पडलेली, चपळ, हसरी, शिडशिडीत. मावशींनी पहिल्याच दिवशी तिचे नाव ‘धाकटी’ ठेवून टाकले. धाकटीच्या पिशवीत पांढऱ्या प्लॅस्टिकचे एक यंत्र होते. त्याला ना नळी, ना पारा, ना फुगा. बटण दाबले की पट्टा आपोआप फुगायचा, आणि थोड्या वेळाने ते चक्क बोलायचे! गोड आवाजात आकडे सांगून वर म्हणायचे, “आपला रक्तदाब सामान्य आहे.”

लोकांना काय, तमाशाच मिळाला. एकदा तपासून झालेले पुन्हा रांगेत उभे राहू लागले. एक आजोबा तर बोलक्याला “बरं बाई, आभारी आहे,” असे म्हणून उठले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी इतकी वर्षे मुकाट्याने राबलो, आणि हा आला तोच भाव खाऊ लागला!

खोलीत आता दोन टेबले होती. एकीकडे सिस्टर आणि मी, दुसरीकडे धाकटी आणि बोलक्या. तिच्या टेबलापुढची रांग व्हरांड्यापर्यंत गेली, आमच्यापुढे दोन म्हातारे. त्यातला एक मान वेळावून तिकडेच बघत होता. शेवटी म्हणाला, “सिस्टर, राग मानू नका, पण त्या बोलणाऱ्यावर बघितलं तर?”

“जा की,” सिस्टर म्हणाल्या. “मी काय बांधून ठेवलंय?”

आवाज शांत होता, पण माझा पट्टा त्यांनी असा काही आवळून गुंडाळला, की मला सगळे कळले. मित्रांनो, जळणारे त्या खोलीत मी एकटाच नव्हतो.

त्यानंतर सिस्टर धाकटीच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढू लागल्या. सुया अशा ठेवायच्या का, पेशंटशी एवढं हसायचं कशाला, केस नीट बांध. दूरच्या, चढावरच्या वस्त्या धाकटीच्याच वाट्याला येऊ लागल्या. ती निमूट जायची आणि संध्याकाळी धुळीने माखून, तरी हसत परत यायची. ते हसणे सिस्टरांना आणखीच खुपायचे. मला तर परमानंद व्हायचा, कारण तिच्याबरोबर बोलक्याचीही वरात निघायची आणि खोलीत मी एकटा राजा.

एक दिवस मावशींनी फरशी पुसता पुसता बातमी आणली. “कळलं का? धाकटीला मोठ्या इस्पितळातून बोलावणं आलंय. मोहीम संपली की जाणार ती.”

सिस्टर उकळत्या पाण्यातून उपकरणे काढत होत्या, ती काढत राहिल्या. धाकटी परतल्यावर मात्र म्हणाल्या, “जाणार म्हणे तू.”

“विचार करतेय, सिस्टर.”

“विचार कसला करायचाय? जा. सगळ्याच जातात. आम्ही आहोतच इथं मागं राहिलेल्यांची सेवा करायला.”

धाकटीचे हसू मावळले. “तुम्हाला का बरं माझा एवढा राग येतो?” तिने विचारले.

“राग कशाला येईल? माझा काय संबंध?” असे म्हणून सिस्टरांनी माझे झाकण खाडकन मिटले. आत अंधारात मला वाटले, जे बोलावणे त्यांनी एकेकाळी परत पाठवले, ते या पोरीला किती सहज मिळाले! त्यांना तिच्या जाण्याचा हेवा वाटत होता, आणि ती गेली तर आपण पुन्हा एकट्या पडू याची भीतीही. या दोन्हींचे मिळून काय होते, ते त्यांनाही उमगत नसावे.

मोहिमेचा शेवटचा मोठा दिवस सूतगिरणीत होता. पाळी बदलताना आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या सगळ्यांना तपासायचे. फाटकाजवळच्या शेडमध्ये दोन टेबले मांडली. आत यंत्रांची घरघर, हवेत कापसाचे तंतू, उकाडा. सिस्टर सकाळपासून कपाळ दाबत होत्या. माझ्या फुग्यावरची त्यांची बोटे नेहमीसारखी चालत नव्हती. एका बाईचा रक्तदाब मोजताना त्या मध्येच थांबल्या, पुन्हा हवा भरली, पुन्हा थांबल्या.

धाकटी आपले टेबल सोडून आली. “सिस्टर, तुम्हाला बरं नाहीये.”

“ऊन लागलंय थोडं. तू तुझी रांग बघ.”

“हात द्या.”

“मला काय धाड भरलीय? माणसं खोळंबलीत.”

“हात द्या म्हणते ना!” धाकटीचा आवाज पहिल्यांदाच चढला. रांगेतल्या बायका बघू लागल्या. धाकटीने उत्तराची वाट पाहिली नाही. स्टूल ओढले, सिस्टरांना खांदे धरून बसवले, त्यांची बाही वर केली आणि पट्टा गुंडाळला.

बोलक्याचा पट्टा.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय झाले, ते कसे सांगू? ज्या हाताची मी इतकी वर्षे वाट पाहिली, तो पहिल्यांदा त्याला मिळाला! मी टेबलावर उघडा पडलो होतो, एका हाताच्या अंतरावर, आणि बघत होतो. बोलक्या फुगला, थांबला, आणि मग साऱ्या शेडला ऐकू जाईल अशा त्या गोड आवाजात त्याने आकडे सांगितले. वरचा आकडा दोनशेला जाऊन टेकला होता. “आपला रक्तदाब अतिशय जास्त आहे. त्वरित डॉक्टरांना भेटा.”



“खोटं बोलतंय ते,” सिस्टर म्हणाल्या. “बॅटरी उतरली असेल. माझ्या यंत्रावर बघ, माझ्या पाऱ्यावर. ते कधी चुकत नाही.”

धाकटीने बोलक्याचा पट्टा सोडला, त्यांना थोडा वेळ गप्प बसू दिले, आणि मला जवळ ओढले. माझा पट्टा त्यांच्या दंडाला बसला. मऊ, गरम, थकलेला हात. धाकटी फुगा दाबू लागली आणि मी वर वर जाऊ लागलो. आता माझी पाळी होती. बोलक्याला साऱ्या गिरणीसमोर खोटे पाडायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. हवा सुटू लागली. मी जीव तोडून ठरवले, की याच्या आकड्याच्या खूप खाली जाऊन मगच थांबायचे. पण पारा कुणाच्या मर्जीने उतरत नाही. सिस्टरांच्या हातातल्या रक्ताने जिथे पहिला ठोका दिला, तिथे माझा पारा थरथरला, आणि ती जागा बोलक्याच्या आकड्याला अगदी लागून होती. सिस्टर स्वतःच्या डोळ्यांनी बघत होत्या. त्यांनी आयुष्यभर माझ्यावर विश्वास ठेवला होता. बोलक्याचे बोलणे त्यांनी उडवून लावले असते, माझे मुके राहणे त्यांना उडवता आले नाही.

“खरंच गं,” एवढेच त्या हळू आवाजात म्हणाल्या. आणि मग सर्वांसमोर, रडू आवरेना म्हणून, त्यांनी तोंडावर पदर धरला.

सिस्टरांना त्याच दुपारी इस्पितळात नेले. वेळेवर नेले म्हणून त्या वाचल्या, असे डॉक्टर म्हणाले. किती वर्षे हे असेच चालले असेल, कुणास ठाऊक. औषधे सुरू झाली, आणि महिनाभर सक्तीची विश्रांती.

तो महिना आमच्या टापूला कधी विसरता येणार नाही. धाकटी एकटी पडली. ती वस्तीवर गेली की केंद्राला कुलूप, आणि केंद्रात बसली की वस्त्यांवर कुणी नाही. व्हरांड्यातला बाक अपुरा पडून रांग रस्त्यावर गेली. जी माणसे सिस्टरांना ‘उशीर झाला हो’ म्हणून बोल लावायची, तीच आता कुलपाकडे बघून गप्प उभी राहू लागली. धाकटीने इस्पितळाला कळवून आपले जाणे पुढे ढकलले. आणि रोज संध्याकाळी, कितीही दमलेली असली तरी, ती सिस्टरांच्या घरी रक्तदाब बघायला जायची. एक दिवस ती मला बरोबर घेऊन गेली, कारण सिस्टरांनीच मला मागितले होते. बोलक्या त्या दिवशी केंद्रात राहिला. किती दिवसांनी मला असे बरे वाटले!

सिस्टर खिडकीजवळ पडून होत्या. शेजारी यजमानांचे शिवणयंत्र. धाकटी माझा पट्टा बांधत असताना ते म्हणाले, “पोरी, हिनं सगळ्या जगाचा रक्तदाब मोजला. मी रोज लोकांची मापं घेतो, पण हिच्या मापाचं मलाही कधी सुचलं नाही बघ.” आणि त्यांनी मान खाली घालून दोरा ओवायला घेतला.

पारा खाली येऊन स्थिरावला. पूर्वीपेक्षा बराच खाली. धाकटीने सुस्कारा सोडला. सिस्टर म्हणाल्या, “तुझ्यावर मी जळत होते गं.”

“माहीत होतं मला.”

“कळत होतं तुला?”

“सिस्टर, तुमच्या त्या डब्याआधी तुमच्या चेहऱ्यावर पारा चढायचा!”

दोघी हसल्या. यजमानही हसले. मला ‘डबा’ म्हटले तरी मी रागावलो नाही.

मग सिस्टर म्हणाल्या, “तू जा. मनात काही ठेवू नकोस. शिक, मोठी हो. पण जाण्याआधी एक काम कर. मोहिमेची शेवटची बैठक आहे ना, तिथं सगळ्यांसमोर विचारून ये, की आम्हा नर्सचा हात कोण बघणार? मी नाही जाऊ शकत. आणि जाताना दोन्ही यंत्रं ने. एकाचं म्हणणं खोटं ठरवायला माणसं टपलेलीच असतात. दोन असली की तोंड बंद होतं.”

अशा रीतीने मी आणि बोलक्या एकाच पिशवीत बसून बैठकीला गेलो. एकमेकांच्या अंगाला अंग लागत होते. सबंध वाटेत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तोही, बटण दाबल्याशिवाय बोलत नसल्यामुळे, गप्प होता.

सभागृहात साऱ्या टापूंतल्या नर्स जमल्या होत्या. अधिकाऱ्यांनी व्यासपीठावरून सांगितले की मोहीम यशस्वी झाली, जवळजवळ सगळे तपासले गेले. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा धाकटी उभी राहिली.

“साहेब, यात आम्ही आहोत का?”

“आम्ही म्हणजे कोण?”

“नर्स. आम्हाला कुणी तपासलं?”

अधिकारी गोंधळले. माणूस वाईट नव्हता. “तुम्ही तर तपासणाऱ्या,” ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता आपल्याच वाक्याशी अडखळले.

धाकटीने सिस्टरांची हकीकत सांगितली. लांबण लावली नाही, डोळ्यांत पाणी आणले नाही. मग पिशवीतून आम्हा दोघांना काढून टेबलावर ठेवले. “आत्ताच बघू या,” म्हणाली.

आधी कुणी उठेना. मग मागच्या रांगेतल्या एक वयस्क नर्स आल्या, बाही वर करत. त्यांच्यामागून दुसरी, मग रांगच लागली. एक हात माझ्याकडे, एक बोलक्याकडे. कितीतरी जणींचा रक्तदाब जास्त निघाला, आणि त्यातल्या बहुतेकींना त्याची कल्पनाच नव्हती. दर वेळी बोलक्या तो आकडा मोठ्याने सांगायचा आणि रांगेत आणखी एकजण येऊन उभी राहायची. त्या दिवशी, खरे सांगतो, त्याचे बोलणे मला पहिल्यांदा कामाचे वाटले. मी तर कुणाला ऐकूही गेलो नसतो.

पुढे काय झाले? सगळे चांगले झाले असे सांगितले तर तुम्हीही विश्वास ठेवणार नाही. नर्सची तपासणी नेमाने व्हावी असे ठरले, आणि ती होऊ लागली. आमच्या केंद्रात एक नवी नर्स आली, आणि बऱ्याच काळाने आणखी एक. एक जागा अजून रिकामीच आहे. धाकटी मोठ्या इस्पितळात गेली, बोलक्या मात्र केंद्रातच राहिला. सिस्टर कामावर परतल्या आणि डबा बसून खाऊ लागल्या; नाही बसल्या तर मावशी झाडू आडवा धरून त्यांची वाट अडवत.

आणि मी? सिस्टर रोज सकाळी आपला रक्तदाब बघायच्या, पण एकट्याने बघायला बोलक्याच सोयीचा. मी वरच्या फळीवरून ते बघत बसायचो. माझ्या पट्ट्याला भेगा पडल्या, फुग्याचे रबर कडक झाले. मग हुकूम आला, की पाऱ्याची यंत्रे वापरायची नाहीत. नळी फुटली तर पारा विषारी. सगळी गोळा करून जमा करायची. सिस्टरांनी माझी पेटी ओल्या फडक्याने पुसली, न्यायला आलेल्या माणसाला बजावले, “सांभाळून न्या हं, आत पारा आहे,” आणि तेवढ्यात बाहेरून कुणी हाक मारली म्हणून त्या वळल्या. निरोपाचा समारंभ वगैरे झाला नाही. पेशंट आला होता ना.

आता मी एका गोदामात, कुलूपबंद कपाटात आहे. माझ्यासारखे आणखी पुष्कळ आहेत. आपली तक्रार मी आता कुणापाशी करत नाही. पण मित्रांनो, तुमच्यापाशी एक मागणे आहे. तुमच्या आईच्या, आजोबांच्या, उद्या तुमच्याही हाताला कुणी नर्स पट्टा बांधील. तिने तुमचा आकडा सांगितला की लगेच उठून जाऊ नका. तिला विचारा, “सिस्टर, तुमचा कधी बघितलात?” ती हसून टाळील, रांगेकडे बोट दाखवील. तरी विचारा. तिला तेवढा वेळ खुर्चीवर बसू द्या, आणि रांगेत मागे उभे असाल तर कुरकुर करू नका. तिच्या हाताला जो पट्टा बसेल तो माझा नसेल, त्या बोलक्याच्याच कुणा भाऊबंदाचा असेल. हे सांगतानाही माझ्या पोटात दुखते आहे. पण दुखू दे. तुम्ही विचारा.